सोसेल इतका उजेड

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपला टीव्ही अगदी ठणठणीत होता, हे तुम्हाला मुद्दाम कळवायचं होतं. जन्मभर "उजेड वाढवू नका, ट्यूब जाईल" म्हणून आम्हाला काळोखात बसवलंत, आणि शेवटी ट्यूबच्या आधी तुम्हीच गेलात. भंगारवाला तो उचलायला आला तेव्हा त्याने लावून बघितला आणि म्हणाला, "ताई, पिक्चर तो नया जैसा है." मला हसू फुटलं. तुमचे दिवस नुकतेच झाले होते, आई पदराने डोळे पुसत होती, आणि मी दारात उभी राहून खो खो हसत होते. लाज वाटली नाही. अजूनही वाटत नाही.

तुम्हाला तो रविवार आठवतो का? आठवत नसणारच, बोलणाऱ्याला कुठे आठवतं! नालासोपाऱ्याची खोली, तुम्ही खुर्चीत, मी तुमच्या पायाशी, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, हाताला पीठ लागलेलं. सिनेमा चाललेला, पण पडद्यावर नुसत्या सावल्या हलताहेत. आई हळूच म्हणाली, "जरा उजेड वाढवा ना, तोंडं दिसत नाहीत." तुम्ही मान न वळवता म्हणालात, "तोंडं बघून तुझ्या भाकऱ्या फुगणारेत का?" शेजारची दोन माणसं बसली होती, तीही हसली. आई आत गेली. मग एकदा तुमची कारखान्यात पहिली पाळी असताना मी ते बटण पुरतं फिरवलं. आई धावत आली, पडद्याला नाक लावून म्हणते, "अगोबाई, हिरवी साडी होय ही! मी आपली काळीच समजत होते." एवढी खुश मी तिला त्याआधी बघितली नव्हती. आणि नेमके तुम्ही लवकर आलात. ओरडला नाहीत, मारलं नाहीत. शांतपणे उजेड पुन्हा उतरवलात, ते बटण उपसलंत, पँटच्या खिशात घातलंत, आणि त्या दिवसापासून वालीवच्या कारखान्यात जाताना रोज बरोबर नेऊ लागलात. डब्याबरोबर बटण! असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता मी टीव्हीच विकते, वसई पूर्वेला एका शोरूममध्ये. तुमच्यावर सूड म्हणून नाही हं, मिळाली ती नोकरी धरली. हल्लीच्या एचडीआर टीव्हीत दिव्याची वात दाखवली तर ती खरंच पेटल्यासारखी दिसते. तुमच्या डबड्यात सूर्यसुद्धा राखेतला असायचा. गिऱ्हाईक हरखून जातं. मग मी त्यांना सांगते, दादा, हा दुकानातला झगमगाट आहे. इथे छतभर दिवे आणि शेजारी पन्नास पडदे, म्हणून आम्ही सगळं टोकाला नेऊन ठेवतो. घरी नेल्यावर आधी हा शोरूम मोड काढा. पांढरी साडी आली आणि डोळे मिचकावावे लागले तर उजेड जास्त; काळ्या केसांतल्या बटा दिसेनाशा झाल्या तर कमी. दिवसा खिडकी उघडी असेल तर थोडा वाढवा, संध्याकाळी उतरवा, आणि टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा लावून ठेवा, डोळे शिणत नाहीत. हे मी दिवसभर घोकते. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन तस्साच ठेवतात.

तर असा एक भिंतभर टीव्ही मी आईसाठी घरी आणला, आणि मीही तस्साच ठेवला. मला माहीत नव्हतं असं नाही. मला तो उजेड तुमच्या फोटोवर फेकायचा होता. तुम्ही समोरच्या भिंतीवर, हारात. बघा म्हटलं, किती जाळतेय ते! पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "थोडा कमी कर गं, टोचतंय." तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. मी फाडकन म्हणाले, "काळोखाची सवय लागलीय तुला. बस आता उजेडात." ती बसली. परत कधी म्हणाली नाही. मी कामावरून यायची तेव्हा टीव्हीसमोरच असायची, पदर कपाळावरून पुढे ओढलेला. मला वाटायचं, चला, म्हातारी सुखात आहे.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, टीव्ही किती वेळ बघता?" ती म्हणाली, "बघत नाही हो, ऐकते. बघायला गेलं की पाणी गळतं." डॉक्टर माझ्याकडे वळले, "अहो, मग उजेड कमी का नाही करत?" मी तोंड उघडायच्या आत आईच घाईने म्हणाली, "असू दे, असू दे. हिला तेवढाच आवडतो." रिक्षात ती माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिली. मला एक शब्द ऐकू आला नाही.

घरी आल्या आल्या मी पडदे सारले, टीव्ही लावला, रिमोट हातात घेतला. म्हटलं, "आई, मी उतरवत जाते, तुला बरं वाटेल तिथे थांब म्हण." ती म्हणाली, "तुला बरं दिसेल तिथे थांबव." "माझं नाही, तुझं विचारतेय!" मी ओरडले. तिने खांदे आत ओढले, मान खाली घातली, आणि म्हणाली, "आहे तो चांगला आहे." मी तर अजून एकही बटण दाबलं नव्हतं.

शेवटी मीच ठरवला उजेड. आता ती बघते, पदर खांद्यावर असतो, मालिकेतल्या सासूला शिव्याही घालते. पण पोरीने ठेवलाय तेवढाच ठेवायचा, रिमोटला हात लावत नाही. हा कागद तुमच्यापर्यंत कोण नेणार, मी तो फाडणारच आहे. पण तिने मान खाली घातली ना बाबा, तेव्हा क्षणभर मला फार बरं वाटलं. हे दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर थुंकलं असतं माझ्यावर. तुम्हाला कळेल.