पोराकडच्यानं पैसे द्यायची सोयरीक

मुडबी

चि. धाकट्या गुरुशांतप्पास थोरल्या अक्काचा पोटभर आशीर्वाद.

आधी टपकला रेवणसिद्धप्पा (शेजारी; आमची कढई चुलीवर चढली की ह्याच्या नाकाला कळतंय). त्याच्यामागून जीप, आन जीपमधून दोन कोटवाले. तुझा खोकला कसा हाय? विडी सोड, मिरे-गूळ खा. तर मी मनात म्हणलं, आपल्या महादेवप्पाला बघायला आले! नातू सरकारी शेतीखात्यात पगारी हाय, कामून येणार न्हाईत? मी इरकली नेसले, पोराला धुतली टोपी घालून घोंगडीवर बसवलं आन पाव्हण्यांना मठ कोणता म्हणून विचारलं (सोयरिकीत आधी तेच विचारायचं). थोरला कोटवाला बावरला. म्हणाला, मुलाचं काम फार आवडलं, फक्त खर्च तुमच्याकडून व्हावा.

माझ्या हातातलं चुरमुऱ्याचं ताट तिथंच थांबलं. पोराकडच्यानं पैसे द्यायचे? ही कोणत्या मुलखाची सोयरीक? रेवणसिद्धप्पा कानात म्हणतोय, "अक्का, पोरात काही खोट असंल!"

मग महादेवप्पानं उलगडून सांगितलं. हे विद्वानांचं मासिक काढणारे. उभी तूर कामून वाळायलीय, हे त्यानं सरकारी पगारावर, म्हंजे आपल्याच शेतसाऱ्यावर, हुडकून काढलं (ज्या रानात वाळली तिथं पुन्हा तूर न्हाई, ज्वारी घ्या). आता ते इंग्रजीत छापायचे पैसे पोरानं द्यायचे, आन वाचायचे वाचणाऱ्यानं!

मी म्हणलं, "साहेब, मठातल्या दासोहाच्या फुकट पंगतीचा शिधा गावानंच दिला. आता वाढपी वाढायचे पैसे मागतोय, आन जेवणाऱ्याकडूनबी घेतोय, असं कोणत्या मठात असतंय?"

धाकटा कोटवाला म्हणाला, कागद फुकट येत न्हाई, आजी. तेबी खरंच की. पण थोरल्यानं ताट खाली ठेवलं. मग म्हणाला, हा खर्च सरकारनंच उचलावा असं मी वर लिहितो. भला माणूस! पण मंजुरीला साल जाईल, आन मिरगाला लोक त्याच रानात तूर पेरून बसतील.

तुझी अक्का,
नागव्वा

ता. क. खोकल्याचं मनापासून विचारलं, पण पत्र त्याच्यासाठी न्हाई. तुझ्या छापखान्यातल्या लग्नपत्रिका पाठीमागं कोऱ्याच जातात न्हवं? तिथं हे तुरीचं मराठी-कन्नडात छाप. लग्नसराई मिरगाआधीच येती, पत्रिका गावोगाव पोचती, आन हळद-कुंकू लावलेला कागद कुणी फेकत न्हाई. नवरा-नवरी रागावणार न्हाईत, त्यांनाबी वरण लागंलच.

आणखी ता. क. एक नमुना लवकर धाड. कोटवाल्यांच्या हातात द्यायचाय, वाचायला फुकट. आमच्या रानात अंबील प्यायला येतो म्हणून गेलेत, वेळअमावस्येच्या रानपूजेला.