मुद्दाम कमी मार्क

५ जानेवारी
दादा जाऊन वर्ष होत आलं. जिन्यावरून पडला. घरातलाच जिना, रोजचा. पाय घसरला असणार. खेळताना डोक्याला बसलेल्या मारांबद्दल लोक काहीही बोलतात. या सीझनला त्याची पाच नंबरची जर्सी मी घालणार. संकल्प: लवकर झोप, शिस्त, रोज डायरी.

९ जानेवारी
क्लबच्या डॉक्टरांची टेस्ट. पाच शब्द ऐकून परत सांगायचे, महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. मॅचमध्ये डोक्याला लागलं की हीच टेस्ट पुन्हा. मार्क आजच्यापेक्षा घसरले तर सक्तीची विश्रांती. म्हणून आजच मुद्दाम कमी पाडायचे. दादाची युक्ती. घोडा आणि खिडकी एवढंच सांगितलं, जुलै गाळला, झोकांड्या खाल्ल्या. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. अभिनय जमतो मला. बाकीचे तीन शब्द पुरावा म्हणून इथे लिहून ठेवतो. जेवून आल्यावर.

२४ जानेवारी
रोज लिहायचं ठरलं होतं. असो. पहिली मॅच. रग्बी सेव्हन्स म्हणजे सात जण आणि सात मिनिटांचे दोन हाफ. मारामारीला वेळ कमी, उरकून घ्यावं लागतं. त्यांच्या विंगरला कमरेत धरून असा आपटला की त्याच्या तोंडातलं दात जपायचं रबर उडून माझ्या मांडीला चिकटलं. उठताना त्याचा गुडघा माझ्या कानशिलावर. कान अर्धा लोंबत होता. टाके घालताना टेस्ट घेतली. पाचपैकी दोन. डॉक्टर म्हणाले, होते तेवढेच आहेत. पास. दादा, मानलं तुला.

११ फेब्रुवारी
वहिनीकडे जेवायला. मोबाइल सापडेना. तिने तो फ्रीजमधून काढून दिला. म्हटलं, गरम झाला होता. ती म्हणाली, भाऊजी, ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. म्हटलं, दादा टॅकल करताना डोकं चुकीच्या बाजूला ठेवायचा, माझं टेक्निक वेगळं आहे. ती म्हणाली, हो ना, तुम्ही डोकं घरीच ठेवून जाता. दुःखात माणूस बोलतं. मनाला लावून घेतलं नाही.

१९ फेब्रुवारी
ड्रेसिंग रूममध्ये आमचा नवा खेळाडू हळूच म्हणाला, हा भावाच्याच वाटेने चाललाय. त्याचं डोकं लॉकरच्या दारात धरून दार लावलं. दोनदा. तीनदा लावलं असं बाकीचे म्हणतात. मला सहसा राग येत नाही. कोचने माफी मागायला लावली. कोणाची मागायची ते विचारून घेतलं आणि मागितली.

२ मार्च
सेमीफायनल. पहिल्याच मिनिटाला त्यांच्या रणगाड्याशी कवटीला कवटी. मडकं फुटल्यासारखा आवाज. नाक डाव्या गालाकडे वळलं. माझ्या कपाळात रुतलेला त्याचा दात डॉक्टरांनी चिमट्याने काढला. टेस्ट: दोन शब्द. पास. दुसऱ्या हाफमध्ये परत उतरलो. चेंडू मिळाला, सुसाट पळालो, कोणी अडवलंच नाही. रेषेपलीकडे टेकवला आणि हात वर केले. कप्तान म्हणाला, अरे, ही आपली बाजू आहे. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. हरलो.

८ मार्च
क्लब करार वाढवत नाही. त्यांचं नुकसान. नव्या क्लबचं बोलावणं आलंय, तीन वर्षांसाठी. फक्त त्यांच्या डॉक्टरांची टेस्ट द्यायची. इथे पूर्ण मार्क हवेत, म्हणजे युक्तीची गरजच नाही. वहिनी म्हणाली, मी येते सोबत. म्हटलं, कशाला? मग म्हटलं, चल, पार्किंग शोधायला बरं. तीन शब्द लिहायचे राहिलेत. आज दमलोय.

१६ मार्च
टेस्ट दिली. घाम फुटेपर्यंत आठवलं. पाचपैकी दोन. जुलै कुठे गेला कळलं नाही. नव्या डॉक्टरांनी जुन्या क्लबकडून जानेवारीचे मार्क मागवले होते. म्हणाले, तंतोतंत तेच आहेत. मी त्यांना समजावलं, तेव्हा मुद्दाम चुकलो होतो, आज अगदी मनापासून दिली. ते म्हणाले, तेच सांगतोय मी.
निघताना गाडीची किल्ली सापडेना. वहिनी म्हणाली, माझ्याकडे आहे, आणि आता माझ्याकडेच राहील. खाली उतरायला जिना होता. साधाच, रोजच्यासारखा. तिने माझा हात धरला.
मी सोडवून घेतला नाही.