मागच्या चाकांची खूण

वडूज, १४ डिसेंबर १९७५

प्रिय लाला,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. तुझं पत्र पोचलं. सगळी पानं तुझ्याच कौतुकानं भरलेली. जानेवारीत मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यत आहे, तुझी गाडी तिथं पळणार, कुंडलचं नाव देशभर होणार, आबांनी आत्तापासूनच हार सांगून ठेवावेत. बरं. शेवटच्या ओळीत 'अर्जुना कसा आहे' एवढंही विचारलंस, म्हणजे पोस्टाचं तिकीट वाया गेलं नाही. त्याचा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये आहे. मिरजेहून परवा घरी आणलाय. त्याची आई हरणाबाई या वयात त्याला उचलून बसवते, मेंढरं भावकीत सांभाळायला दिलीत. आमचं म्हणशील तर हे अजून जम्मूलाच आहेत, नाताळात रजा मिळेल म्हणतात. ज्वारी पोटरीत आलीय. तुझी गाडी आमच्या कडब्याच्या छपरात उभी आहे आणि कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालतात. निदान काहीतरी उपयोग होतोय.

तुला आठवतं का, मी सांगलीला कॉलेजात होते तेव्हा तू मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसला होतास. भौतिकशास्त्रात माझा वर्गात पहिला नंबर आला आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. तू गणितात काठावर पास झालास आणि तुला विलायतेला पाठवायचं ठरलं. आबांचं गणितही तुझ्यासारखंच. तिथं तू कसल्याशा शर्यतीच्या गाड्यांच्या गॅरेजात एक उन्हाळा काढलास. काय केलंस देव जाणे, बहुतेक झाडू मारला असशील, पण परत आलास तो इंजिनिअर होऊन. गुऱ्हाळाच्या शेडमध्ये पाइपांचा सांगाडा उभा केलास, जुन्या फियाटचं इंजिन बसवलंस, वर पत्र्याचं निमुळतं अंग चढवलंस. तोवर मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. मग तुझ्या डोक्यात पंख शिरला. तिकडच्या फॉर्म्युला गाड्यांना मागं पंख असतो एवढं तू पाहिलं होतंस. तो कसा बसवतात ते पाहायला जरा वाकावं लागलं असतं. म्हणून उसावर औषध फवारायला आलेल्या विमानाच्या पंखाचं माप घेतलंस, तसाच छोटा पंख केलास आणि तसाच गाडीवर चढवलास, वरून फुगीर, खालून सपाट. अरे दीडशहाण्या, विमानाला उडायचं असतं. शर्यतीच्या गाडीला जमीन धरून राहायचं असतं. म्हणून तिचा पंख पालथा घालतात, म्हणजे वारा तिला खाली दाबतो.

शर्यतीआधीच्या चाचण्यांना कुंडलचे रस्ते तुला चालले नाहीत, उसाच्या बैलगाड्या आडव्या येतात म्हणून. तेव्हा बहिणीचं कोरडवाहू सासर आठवलं. दुष्काळी कामावर झालेला आमच्या माळावरचा तो सरळ मुरमाचा रस्ता, ज्याची खडी हरणाबाईनं फोडली, तो तुझी धावपट्टी झाला. गाडीत बसायला मात्र तू नाहीस. तुला म्हणे बाहेरून निरीक्षण करायचं होतं. साखर कारखान्याच्या जीपवरच्या ड्रायव्हरला, अर्जुनाला, बसवलंस. हरणाबाईकडून घोंगडीची लोकर आणून तिचे धागे खळीनं पंखावर चिकटवलेस, आणि गाडी पळताना ते नीट मागं निजलेले दिसले तेव्हा पेढे वाटायचेच बाकी ठेवलेस. वारा सुरळीत जात होता, खरंच. सुरळीतपणे तुझी गाडी उचलत होता. मी वाकून चाकांच्या खुणा पाहिल्या. पुढच्या चाकांच्या ठळक होत्या. मागच्या रुंद चाकांच्या मात्र वेग वाढला तशा पुसट होत गेलेल्या, आणि वडाच्या वळणापाशी तर नुसतं खरवडल्यासारखं. तुला हाताला धरून दाखवलं. तू म्हणालास, ताई, कॉलेज सोडून जमाना झाला, तू आपली भाकरी बघ. मी भाकरी केली आणि तू पोटभर जेवलास.

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर मागचं अंग उचललं आणि गाडी गिरकी घेऊन चरात कलंडली. अर्जुना पट्ट्याला लोंबकळत होता, आणि तू सगळ्यांदेखत काय म्हणालास, तर प्यायला असेल. गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस तो. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, तू तर अंगणाला दारू पाजलीस. तुझ्या शब्दावर कारखान्यानं त्याला कामावरून कमी केलं. हरणाबाई मला म्हणाली, "ताई, पाय मोडला तर मोडू दे, हाडं जुळत्यात. पन ह्यो डाग कुनी काढायचा?"

तरी मी तुला लिहिलं नव्हतं. म्हटलं, मूर्ख आहे, त्याला खरंच तसं वाटत असेल. तुझा मूर्खपणा मी लहानपणापासून माफ करत आलेय. पण गेल्या आठवड्यात तू गुंडा मिस्त्रीला गाडी दुरुस्त करायला पाठवलंस. त्यानं चाक सरळ केलं, आणि मग पंख उतरवून पालथा घातला. मी विचारलं तर म्हणाला, "सायबांनीच सांगितलंय. आन् कुनाला बोलू नको म्हनून बी सांगितलंय." म्हणजे तुला कळलंय, लाला. चूक गुपचूप दुरुस्त करून घेतलीस आणि डाग अर्जुनावर तसाच ठेवलास. इतका हलका माणूस आपल्या घरात जन्मला याची मला लाज वाटते. गुंडा जेवायला गेला तेव्हा मी पदर खोचला, कोंबड्या हाकलल्या आणि गाडी रस्त्यावर काढली. आबांची जीप बांधाबांधानं तुझ्याआधी मी चालवायला शिकले होते, विसरला असशील. जेवढी पळेल तेवढी पळवली. वडाच्या वळणावर ती घोरपडीसारखी जमिनीला चिकटून राहिली, आणि मागच्या चाकांची खूण शेवटपर्यंत ठळक उमटली. उतरल्यावर मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. गुंडाचा पाना मी ठेवून घेतलाय. पंख पुन्हा तुझ्या पद्धतीनं बसवलाय, वरून फुगीर, खालून सपाट, त्या दिवशी होता तसाच. रविवारी ये. आबांना आण, कारखान्याच्या साहेबांना आण. गाडी चांगली होती आणि अर्जुनाच प्यायला होता असं तुझं म्हणणं असेल, तर तू बस. शुद्धीत बस, आणि वडाच्या वळणावरून त्याच्याच वेगानं जाऊन दाखव. बसायचं नसेल तर गाडीला वळसा घालून हरणाबाईच्या दारात चालत जा आणि त्या सगळ्यांसमोर खरं काय ते सांग. मग पंख मी माझ्या हातानं पालथा घालून देईन, खुशाल मद्रासला जा. तू बसणार नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून हरणाबाईला आजच सांगून ठेवलंय, रविवारी पाहुणे येतील, चहापुरतं दूध राखून ठेव.

काही झालं तरी तुझीच,
ताई
(विजयमाला)