मार्गशीर्षातल्या गुरुवारचा जिताडा

गोखिवरे, वसई (पूर्व)
२६ डिसेंबर २०००

ती. श्रीरंगदादांस,

नरहरीचा नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजावं (प्रत्यक्षात कंबर धरल्यामुळे वाकता येत नाही, कारण पुढे येईल). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? चिपळुणात थंडी पडली असेल तर कानटोपी घालत जा. निवृत्त हेडमास्तरांना कानटोपीत कोणी हसत नाही. इकडे तुमची बहीण प्रेमला खुशाल आहे. तिचा आवाज तर फारच खुशाल आहे.

तुम्हाला माहीत आहेच की दर रविवारी मी आलोशियसबरोबर पाचूबंदरच्या पुढे खडकावर गळ टाकून बसतो. (आलोशियस म्हणजे गासचा माझा दोस्त. आमच्या वास्तुशांतीला जिलब्यांचं ताट घेऊन कोपऱ्यात बसला होता, तो.) इतक्या वर्षांत माझ्या गळाला मोठे मासे लागले नाहीत असं नाही, ते राहिले नाहीत इतकंच. एक रावस दोरी घेऊन नांगरलेल्या होडीभोवती फिरला आणि होडीवाल्याने स्वतःचा दोर वाचवायला माझी दोरी कापली. एकदा वाम निघाली, पण मला तो साप वाटला आणि मी काठीसकट तिला परत खाडीत फेकलं (आलोशियस हे गासच्या प्रत्येक लग्नात सांगतो). एकदा तर अर्धा तास झुंज चालली, माणसं गोळा झाली, ज्याने त्याने सल्ले दिले, आणि शेवटी गाळाने भरलेली मच्छरदाणी वर आली. प्रेमलाचं म्हणणं असं की माझे सुटलेले मासे घरी आल्यावर वाढतात. दिवाळीला हातभर सांगितलेला रावस होळीपर्यंत माझ्या कमरेला लागतो.

या गणपतीत तिने निर्वाणीचं सांगितलं. एकतीस डिसेंबरच्या आत मी स्वतः एकही मासा पकडला नाही, तर काठी माळ्यावर जाणार आणि रविवारी सकाळी मी सोसायटीचा सेक्रेटरी होणार. (आमच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणजे टँकर का आला नाही हे ज्याला विचारतात तो माणूस.) दादा, तुम्ही हसाल, पण मला ते फार लागलं. आठवडाभर मी साहेबाचं ऐकतो, घरी आल्यावर घरच्यांचं. त्या एका सकाळी मला कोणी काही विचारत नाही. पाणी चढतं, पाणी उतरतं, आलोशियस बोलत नाही, मीही बोलत नाही. एवढंच माझं स्वतःचं आहे आणि ते मला सोडवत नाही.

आता सीएलचं. वर्षअखेरीला उरलेली सीएल बुडते, आणि ती बुडू देणाऱ्याला आमच्या ऑफिसात वेडा समजतात. बाकीचे दिवस इतरांनी आधीच लाटले होते. माझ्या वाट्याला गेला गुरुवार आला, म्हणजे मार्गशीर्षातला शेवटचा. घरात महालक्ष्मीचा घट, प्रेमलाचा उपास, संध्याकाळी हळदीकुंकू. त्या दिवशी आमच्याकडे मासळीचं नावसुद्धा काढत नाहीत, हात लावणं तर दूरच. रजा आहे म्हणून घरी सांगितलं असतं तर फुलं, विड्याची पानं आणि पाच फळं आणायला मला जुंपलं असतं. म्हणून रोजच्या वेळी डबा घेऊन निघालो (डब्यात साबुदाण्याची खिचडी) आणि आलोशियसबरोबर खाडीवर जाऊन बसलो (त्याला त्या दिवशी दुपारची शिफ्ट होती). मनात पाप नव्हतं. इतक्या वर्षांत जो मासा मिळाला नाही तो आजच कशाला मिळेल, अशा भरवशावर मी निर्धास्त होतो.

आणि तो लागला. जिवंत कोळंबी लावली होती, ती त्याने अशी ओढली की मी खडकावरून घसरलो आणि पाठीवर आपटलो, पण काठी सोडली नाही (ही ती कंबर). आलोशियस मला मागून धरून बसला. माशाने दोरी हिसडायची, मी सैल सोडायची, पुन्हा गुंडाळायची. शेवटी तो खडकावर आडवा पडला तेव्हा कळलं, जिताडा! नऊ-दहा किलोचा तरी असेल (या वेळी मी वाढवत नाही). माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलोशियसला मी खारं वारं लागलं म्हणून सांगितलं आणि त्यानेही ते मानलं.

मग डोक्यात प्रकाश पडला की आयुष्यातला हा पहिला मोठा मासा घेऊन मला घरी जाता येत नाही. दारात सवाष्णी, पाटावर लक्ष्मी आणि उंबऱ्यात मी जिताडा घेऊन! आलोशियस म्हणाला, आमच्याकडे गुरुवारचं काही नसतं, रात्रभर आमच्या फ्रीजमध्ये ठेवू, उद्या संध्याकाळी घेऊन जा. फ्रीजचे दोन कप्पे काढून मासा तिरका बसवला. त्याची बायको ॲनी चर्चमध्ये नाताळचा गोठा सजवायला गेली होती. आलोशियस तिला काही न सांगता सेकंड शिफ्टला गेला.

शुक्रवारी संध्याकाळी मी पिशवी घेऊन गासला पोचलो, तर ॲनी अंगणातच भेटली. नाताळच्या आठवड्यात घरी आलेली वस्तू ही नाताळची भेट, हे तिच्या लेखी विचारण्यासारखंच नव्हतं. आदल्या रात्री आलोशियस परतेपर्यंतच डोकं तिने माहेरी पाठवलं होतं, मधला मोठा तुकडा फादरांना, शेजारी तीन घरं, आणि उरलेलं मसाला लावून पंचवीस तारखेसाठी ठेवलं होतं. "भाऊ, सख्खा भाव पन एवढं देनार नाय," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. तिच्या मागे आलोशियस तोंड पाडून उभा होता. मी पिशवीची घडी केली, खिशात घातली आणि हॅपी ख्रिसमस म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

गुरुवारचं घरी बोलायची सोय नव्हती. म्हणून मी रविवारपर्यंत दम धरला आणि त्या दिवशी खाडीवरून आल्यावर प्रेमलाला सांगितलं की आज मोठा जिताडा पकडला आणि आलोशियसला नाताळची भेट देऊन टाकला. तुमची बहीण इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बारा वर्षांनी मिळालेला पहिला मासा कोणी वाटेत देऊन येतो का, असं तिचं म्हणणं, आणि ते बिनतोड आहे. ॲनीला विचारू देणंही शक्य नाही, गुरुवार उघडा पडेल. शिवाय तो मासा भेट नव्हता हे तिला कळलं तर तिचा सगळा सण नासेल. असो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
नरहरी

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. प्रेमला या जगात फक्त तुमचा शब्द मानते. तेव्हा तिला उलट टपाली एवढंच कळवा की काही कामाने आलोशियसला फोन केला होता आणि नरहरीने जिताडा पकडल्याचं त्याने आपणहून सांगितलं. मासा खरा आहे, फक्त फोन खोटा, त्यामुळे तुमच्यासारख्या सत्यवचनी माणसाला जड जाऊ नये. पत्र एकतीसच्या आत पोचायला हवं.

ता. क. २. वरचं लिहून तिकीट शोधत होतो तेवढ्यात ॲनी आली. ताटात केक, करंज्या आणि डब्यात जिताड्याचं कालवण! प्रेमलाचा हात धरून म्हणाली, तुमच्या मालकांनी खडकावर पडून पकडला, आमच्या यांनी सगळं सांगितलं. दादा, प्रेमलाने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नानंतर प्रथमच पाहिलं असावं. मी छाती काढली. पुढे ॲनी म्हणाली, गुरुवारी फ्रीज उघडला आणि मी घाबरलीच. प्रेमलाने तिला चहा दिला, फाटकापर्यंत पोचवलं, परत आली आणि दार लावलं. "म्हणजे त्याच हातांनी संध्याकाळी पोथी वाचलीत?" (तिचा घसा बसला होता, म्हणून त्या दिवशी कहाणी मी वाचली होती. सवाष्णींनी उच्चारांचं कौतुकही केलं होतं.) आता काठी माळ्यावर नाही, थेट भंगारवाल्याकडे. नुसते बसून यायचात तोवर ठीक होतं, म्हणाली, निदान कुणाचं काही बिघडत नव्हतं.

ता. क. ३. पहिला ता. क. रद्द समजावा. तिला असं लिहा की आलोशियसशी तुमचं बोलणं झालं, मासा त्याने पकडला आणि दोस्तीखातर बायकोला माझं नाव सांगितलं. मी नेहमीसारखा बाजूला बसलो होतो आणि माशाला बोटही लावलं नाही. हे लिहिताना मला किती यातना होत आहेत ते तुम्हाला कळेलच. पण तेवढं लिहा. तिला ते लगेच पटेल.