पोरं सांभाळायची सावड

प्रिय बाबा,

आज शेजारच्या रूपजीकाकाच्या शेतात भाताच्या आवणीला गेले होते. डहाणूहून त्यासाठीच आले. दुपारपर्यंत ठीक चाललं, मग कंबर अशी धरली की वाकलेली मी सरळच होईना. लाडकीकाकीने माझ्या हातातली रोपांची जुडी ओढून घेतली. म्हणाली, "जा, बांधावर बस. तुझी ओळ मी लावते." मी म्हटलं, "नको काकी, माझी मी करते." तर ती चिखलात उभी राहून हसायलाच लागली. बाकीच्या बायकांना म्हणाली, "बघा गं, म्हातारा परत आला."

आणि हसता हसता तिने एक गोष्ट सांगून टाकली. तू आजारी पडलास त्या पावसाळ्यात पाड्यातल्या बायका आपली पोरं तुझ्याजवळ ठेवून शेतात जायच्या ना? त्याची काही गरजच नव्हती म्हणे. आवणीला पाड्यातली पोरं दरवर्षी रमीआजी सांभाळते. त्या वर्षीही सांभाळणार होती. "तुझ्या बापाला फसवला आम्ही," काकी म्हणाली, "नि तुला पण."

मी बांधावर बसले ती बसलेच. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले, चहा ठेवला आणि तुझ्या ओटीवर हे लिहायला घेतलं. तुझ्याशिवाय कुणाला विचारू? बाबा, तुला हे माहीत होतं का?

तू पडलास तेव्हा मी डहाणूला मशीनवर बसून कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होते. वापीच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, बोलणं अर्धंमुर्धं. डॉक्टर म्हणाले, आता वेळ लागेल आणि माणसं लागतील. माणसं आणायची कुठून? आई जाऊन वर्षं झालेली आणि मी तुझी एकुलती एक. दिनेश म्हणाला, बाबांना डहाणूला आपल्याकडे घेऊन जाऊ. त्यावर तू बोललास, आणि ते मात्र अगदी स्पष्ट बोललास. "तुमच्या जिन्यावरून मला खाली आणाल ते एकदाच." जावयाला असं तोंडावर कुणी बोलतं का? पण दिनेशला राग आला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी रिक्षात मागे माझी मशीन बांधली आणि मला इथे झरीला आणून सोडलं. ठरलं असं की जमतंय तोवर इथे, नाही जमलं तर डहाणू.

आणि जमावं कसं? तू कुणाला दारात उभं करशील तर ना!

पहिल्याच सकाळी रूपजीकाका आला, तुला उठवून बसवायला. तू त्याच्याकडे एका डोळ्याने बघितलंस आणि म्हणालास, "कोण मेलंय इथं? खांदा द्यायला आलास?" काका बिचारा आल्या पावली परत गेला. लाडकीकाकीने भाकरी आणि वालाची भाजी पाठवली, तर तुझा हट्ट, तिचं पातेलं रिकामं द्यायचं नाही. मी तांदूळ भरून दिले. तिने दुसऱ्या दिवशी परत काहीतरी पाठवलं, मी परत भरून दिलं. चार दिवसांत आपला तांदळाचा डबा तळाला गेला आणि काकी कुडापलीकडून ओरडली, "तुझा बाप आजारी नाय गं, व्यापारी हाय."

मला तुझा स्वभाव कळत नव्हता असं नाही. जन्मभर तू सावडीवर शेती केलीस. आज पाडा आपल्या शेतात, उद्या आपण त्यांच्या. कुणाच्या घरचा एक दिवस तू अंगावर ठेवला नाहीस. ताप असला तरी जायचास. मग आता खाटेवर पडून लोकांकडून घेत राहायचं आणि परत काय द्यायचं, हा प्रश्न तुला आजारापेक्षा जास्त खात होता. पण मला काय खात होतं ते तू एकदा तरी विचारलंस का?

मी सांगते. तुझी कूस बदलायला मला माझं सगळं वजन लावावं लागायचं. घरी तपासायला येणाऱ्या सिस्टरने बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. तू हाडापेराने मोठा, मी ही अशी. आणि आंघोळ. तुला आंघोळ घालताना तू भिंतीकडे तोंड करायचास आणि मी जमिनीकडे बघायची. मुलीने बापाची सेवा करावी हे सगळे म्हणतात, पण त्या वेळी दोघांचा जीव कसा होतो हे कुणी सांगत नाही.

मग तो दिवस आला. तुला खाटेवरून खुर्चीत घ्यायला गेले आणि आपण दोघंही खाली पडलो. तू माझ्या पायावर. तुला हलता येईना, मला पाय काढता येईना. तू हळूच म्हणालास, "ओरडू नको, लोक येतील." बाबा, मला त्या क्षणी तुझा एवढा राग आला की मी मुद्दाम ओरडले. सगळा पाडा ऐकेल अशी ओरडले.

रूपजीकाका कुंपण ओलांडून आला, त्याच्यामागून काकी. दोघांनी तुला उचलून खाटेवर ठेवलं. मी जमिनीवर बसूनच सांगितलं, "बास. उद्या दिनेशला बोलावते. डहाणूला जायचं." तू तोंड फिरवलंस. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला तुझा हात कुठला ते तुला आठवत नव्हतं.

तेव्हा काकी दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हाताऱ्या, ऐक," ती म्हणाली. "आमची आवणी लागलीय. माझी नात, पलीकडच्या सोनीचा पोरगा, आणखी दोन आहेत, त्यांना ठेवू कुठं? पावसात बांधावर झोपवली तर तापानं फणफणतात. तू पोरं बघ. आम्ही सकाळ-संध्याकाळ तुला उचलू, धुऊ, बसवू. फुकट नाय काय. सावड हाय ही."

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलंस, "पोरं केवढी?"

मला वाटलं, जिंकलो. त्या वेळी वाटलं की काकीची अडचण होती आणि आपली सोय झाली. लग्न होऊन गेल्यावर पाड्यातलं कोण काय करतं हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं, म्हणून मला रमीआजी आठवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुझी खाट ओटीवर आली. वाशाला झोळी बांधली, तिची दोरी तुझ्या डाव्या हातात. एक झोळीत, बाकीची तुझ्या खाटेभोवती. सिस्टरने सांगितलेला व्यायाम तू कधी केला नाहीस, पण झोळी मात्र तासन् तास हलवायचास. सिस्टर बघून म्हणाली, "आजोबा, हेच करा, मला दुसरं काही नको." उजव्या हातालाही तू दोरी बांधून घेतलीस एकदा. तो हात काही परत आला नाही, पण तू बांधून घेतलीस.

सोनीच्या पोराचं नाव तू चारोटी ठेवलंस, कारण हायवेवरच्या चारोटी नाक्यासारखा त्याचा आवाज दिवसरात्र बंद होत नाही. अजून पाड्यात त्याला चारोटीच म्हणतात, शाळेत घालतील तेव्हा गंमत येणार आहे. आणि तुझा तोरा तर विचारू नको. पोर न धुता आणलं की परत पाठवायचास. बायकांना शेतातून यायला उशीर झाला की अर्ध्या तोंडाने शिव्या द्यायचास. आठवड्याभरात मला म्हणालास, "रूपजीला सांग, माझी सावड त्याच्यावर चढलीय. त्यानं जरा लवकर येत जावं." मी ते काकाला सांगितलं. तो गंभीर चेहऱ्याने "हो हो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी खरंच लवकर आला. आता कळतं, घरी जाऊन किती हसला असेल.

तुझ्या आंघोळीचं काम त्याने अंगावर घेतलं ना, तेव्हा मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने श्वास सोडला. सुटले मी, बाबा. तुलाही तसंच वाटलं असणार, कारण त्या दिवशी तू पोटभर जेवलास.

आणि माझं? एका सकाळी काकीने माझ्या हातात पिशवी दिली. "तलासरीला जा. बाजार कर. दुपारशिवाय तोंड दाखवू नको." मी गेले. बाजार अर्ध्या तासात झाला. मग स्टँडजवळ चहा घेतला, भजी खाल्ली, आणि नुसती बसून राहिले. कुणी मला हाक मारत नव्हतं. इतकं बरं वाटलं की लाजच वाटली. परत आल्यावर काकीला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "लाज कसली? चहा चांगला होता ना?"

चैत्रात तुला विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला नेलं, आठवतं? दिनेशची रिक्षा, तुझ्या एका बाजूला रूपजीकाका, एका बाजूला मी. तू देवीकडे काय मागितलंस ते सांगितलं नाहीस. मी तू चालायला लागावंस असं मागितलं नाही, राग मानू नको. मी मागितलं की आहे हे असंच चालू राहू दे. कारण तोवर मला खात्री झाली होती की हे आपल्याला जमतंय.

आता मूळ प्रश्न. तुला माहीत होतं ना?

आज बांधावर बसून मी सगळं आठवून पाहिलं. रमीआजी सगळ्या पाड्याची आजी असली तरी तुझी मावसबहीण. ती आवणीला काय करते हे तुला ठाऊक नसेल, हे मी कसं मानू? आणि एक दुपार आठवली. ऐन आवणीत रमीआजी आपल्या ओटीवर येऊन बसली होती, मशेरी लावत, रिकामी. इकडे तुझ्याभोवती पोरांचा गोंधळ. तिने तुझ्याकडे बघितलं, तू तिच्याकडे, आणि तू अर्ध्या तोंडाने हसलास. मला वाटलं चारोटीला हसतोयस.

म्हणजे त्यांनी तुला फसवलं, आणि तू स्वतःला फसवू दिलंस. तुला हो म्हणायला एक कारण हवं होतं, ते काकीने आणून दिलं. मग इतके दिवस कशाला ताणलंस रे? माझी कंबर तेव्हापासून धरलेली आहे, आज कळलं ना तुला.

गेल्या वर्षीची आवणीही तू पोरं सांभाळून पार पाडलीस. ती संपली आणि तुला दुसरा झटका आला. डावा हातही गेला, बोलणंही गेलं. झोळी सोडून ठेवली. आता तुझ्याजवळ द्यायला काहीच उरलं नव्हतं, आणि ते तुला पूर्ण कळत होतं. दुसऱ्या सकाळी रूपजीकाका नेहमीसारखा गरम पाण्याची बादली घेऊन आला, तेव्हा तू मान फिरवलीस. ओठ घट्ट मिटलेस. मी मनात म्हटलं, झालं, परत पहिल्यापासून.

काका खाटेवर तुझ्याजवळ बसला. म्हणाला, "हे बघ दादा, तुला आता हो पण बोलता येत नाय नि नाय पण बोलता येत नाय. म्हणून मी विचारतच नाय." आणि त्याने तुझ्या पाठीखाली हात घालून तुला उठवलं.

तुझी मान सावरत नव्हती. ती त्याच्या खांद्यावर पडली. मी पुढे झाले, सरळ करायला. काकाने मानेनेच मला नको म्हटलं. आणि मग मी बघितलं की तू डोळे मिटले होतेस आणि कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. जन्मात तुला कुणाला टेकून बसलेलं मी पाहिलं नव्हतं, आईलाही नाही. काका बसून राहिला, पाणी निवून गेलं, आणि त्याने मला सांगितलं, "दुसरं तापव."

त्यानंतर तू गेलास तोपर्यंत रोज तसंच. तू काही दिलं नाहीस, कुणी मागितलं नाही. तू गेलास तो इथेच, ओटीवर, दिवसाढवळ्या, माणसांत. जिना तुला बघावा लागला नाही. एवढं आम्ही सगळ्यांनी मिळून केलं, आणि ते चांगलं केलं. हे मी तुला मान वर करून सांगते.

उद्या परत शेतात जाणार आहे. कंबर दुखली तर लाडकीकाकी जुडी मागेल, आणि मी देईन. लगेच देईन, हे तुला कबूल. आणि बाबा, कधीतरी माझीही अशी वेळ येईल. डहाणूच्या दुसऱ्या मजल्यावर येईल की इथे, ते माहीत नाही. मी तुझ्याइतकी ताणणार नाही. कुणी आलं तर मी कारण मागणार नाही, परत काय देऊ म्हणून विचारणार नाही. माझं बोलणं शाबूत असेल तेव्हाच म्हणेन, ये, धर मला.

तुझीच हट्टी,
सुनंदा