सकाळी गरम लागलेला डायनामो

तीर्थरूप दादा,

तुम्ही गेल्यापासून तुमची जीप रोज सकाळी मेलेली असायची. काल त्याचं कारण सापडलं. ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले आहे. बसवत मात्र नाही.

बॅटरी संगमनेरहून भरून आणायची, आणि दुसऱ्या सकाळी स्टार्टर मारला की नुसती टक् टक्! महिनाभर हेच चाललं होतं. बाळू ड्रायव्हर उतारावरून ढकलून गाडी चालू करायचा. आपल्या जीपने अकोल्याला जाणारी माणसं वाट बघून बसने जायला लागली. काकांनी गिऱ्हाईक ठरवलं. आईही म्हणाली, "लई झालं आता. इकून टाकू." जीप गेली तर आईचं घर कशावर चालणार, हे कुणी बोललं नाही.

मी कारखान्यातून चार दिवसांची रजा घेऊन आले. काका हसले. "पोरी, तू विजेच्या मोटारी बांधतीस कारखान्यात. ही जीप हाय, जीप!"

मी बॉनेट उघडलं. एका रात्री बॅटरी सोडवून ठेवली. सकाळी ती भरलेलीच होती. म्हणजे बॅटरी चांगली, गाडीच तिला पीत होती. पण कुठून? सगळे दिवे बंद करून बॅटरीला वायर टेकवली, तर चांगली ठिणगी उडाली. फ्यूज एकेक काढले, तरी ठिणगी तीच. मग बाळूच म्हणाला, "ताई, दादा तर रोज राती बॅटरीची वायर काढून ठेवायचे. चोराच्या भ्यानं."

चोराच्या? तुम्ही घराला कडी लावत नव्हता, दादा!

त्या रात्री मी वायर मुद्दाम लावून ठेवली. सकाळी बॅटरी भरणाऱ्या डायनामोवर हात ठेवला. इंजिन रात्रभर बंद, आणि डायनामो गरम!

मग कटआऊटचं झाकण उघडलं. गाडी चालताना डायनामो बॅटरीला जोडायचा आणि थांबली की तोडायचा, एवढंच त्याचं काम. तुम्ही त्याची पत्ती पकडीने वाकवली होती. दातांच्या खुणा स्पष्ट आहेत. भंडारदऱ्याच्या घाटात गाडी हळू चालते, बॅटरी भरत नाही, म्हणून पत्ती लवकर जुळावी, हो ना? जुळली. पण मग ती सुटेना. रात्रभर बॅटरी डायनामोतून वाहत राहायची.

आणि हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून वायर काढायचात. रोज, एकट्याने, खरं कारण कुणाला न सांगता.

मला का नाही विचारलंत? तुम्हीच हट्टाने मला इलेक्ट्रिकलला घातलंत. गावात कोण काय बोललं, तेही ऐकून घेतलंत. मग मी बॉनेटजवळ आले की "हात काळे होतील, बाजूला सर" असं का म्हणायचात? दोन मिनिटांचं काम होतं. याचा मला राग आहे, दादा. अजून आहे.

पत्ती बेतशीर केली, बॅटरी भरून आणली आणि रात्री वायर लावूनच ठेवली. आज सकाळी जीप पहिल्या स्टार्टरला उठली. गिऱ्हाईक आलेलंच होतं. ते खूष. "गाडी एक नंबर हाय! नेतो."

आई ओट्यावरून म्हणाली, "न्हाई इकायची."

काका चिडले. "आन पुन्ना बिघडली, वैनी? दादा हाय का आता?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "ही हाय की."

 मी बॉनेट लावलं.

दुपारपासून तीनदा उठून डायनामोला हात लावून आले. गार आहे. तरी पुन्हा जावंसं वाटतं. तुमच्या हाताने केलेलं मी मोडलं, म्हणून असेल का? माहीत नाही.

दर सुट्टीला येईन. तुम्ही आणखी काय काय वाकवून ठेवलं आहे, ते सगळं उघडेन. आणि जे बदलेन ते आईला आणि बाळूला दाखवून बदलेन. माझ्यामागे कुणाला गरम डायनामोवर हात ठेवून मला शोधावं लागणार नाही. एवढा शब्द देते.

तुमची,
शकू