रिळांचं भांडं

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आपण दोघी जे काही किंचाळलो ते पलीकडच्या खोलीत बाबांनी सगळं ऐकलं, असं तूच सांगितलंस. म्हणून आता फोन बंद. पत्रात किंचाळलं तर निदान त्यांना ऐकू जाणार नाही. तेव्हा नीट वाच, मी भयंकर चिडलेय.

मी दोन दिवस येऊन गेले, तेव्हा दिसलं ते डोळ्यांसमोरून हलत नाही. मनगटाला पट्टी बांधून तू चाळणीवर गाजर दाबत उभी होतीस. अर्धा तास दाबून निघालं काय, तर वाटीभर पाणी आणि त्यात गुठळ्या. बाबांनी चार चमचे घेतले, ठसका लागला, तोंड फिरवलं. डॉक्टरांनी तुझ्यामाझ्यासमोर सांगितलंय की अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना गिळायला त्रास होतो, त्यामुळे जे द्यायचं ते एकजीव, घट्टसर हवं. तीन किलो उतरलेत. अठ्ठावीस तारखेला पुन्हा वजन करणार, आणखी उतरलं तर नाकातून नळी. हे सगळं तुला पाठ आहे. मग चार वर्षांपूर्वी मी पाठवलेला फूड प्रोसेसर कुठे आहे? कपाटावर! आणि त्याचं भांडं तुझ्या शिलाई मशीनशेजारी, त्यात लाल-हिरवी रिळं!

मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते, ताई. रोज साठ पेशंटांचं जेवण असल्याच मशीनमधून काढते. आणि माझ्या स्वतःच्या बापाला चाळणी! विचारलं तर म्हणतेस, त्याचा आवाज सहन होत नाही. दिवसभर शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला आवाज सहन होत नाही? कोणाला शेंडी लावतेस?

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. असावा.

तुझी,
भिंगरी

८ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

आशीर्वाद आईने लावलेल्या सवयीने लिहिला. हाताला सवय नसती तर आज दुसरंच काही लिहिलं असतं.

दोन दिवस यायचं, चार हुकूम सोडायचे, डब्यांवरची धूळ बोटाने बघायची आणि गाडी पकडायची. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं गं? इथे बाबांना उठवायचं, बसवायचं, पुसायचं, मधेच गिऱ्हाईक येऊन बाहीचं माप बदलून जातं, आणि कुकरची शिट्टी मोजायची ती वेगळी. मला ते हळूहळू उपाशी राहताना दिसत नाहीत असं वाटलं तुला?

ऐक आता. फोनवर सांगता येत नव्हतं, कारण भिंतीपलीकडे बाबा असतात. तुझं मशीन चालतच नाही. पहिल्या दिवसापासून.

खोकं उघडलं त्या दिवशी मी भांडं बसवलं, गाजरं टाकली, वर झाकण ठेवलं आणि बटण फिरवलं. ढिम्म! तेव्हा बाबा ठणठणीत होते. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर, घरातली एक गोष्ट कधी दुकानात दुरुस्तीला गेली नाही. सोबत आलेली पुस्तिका त्यांनी ड्रॉवरमध्ये अंथरली, फिटर काय पुस्तक वाचून मशीन उघडतो का म्हणाले, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत खोललं, जोडलं. तरी ढिम्म. आणि तीन स्क्रू उरले. त्या दिवशी ते जेवले नाहीत गं. दुसऱ्या दिवशी बघते तर ते स्क्रूही गायब. मी कपाटाखाली झाडू घालून शोधले.

त्यांचा चेहरा बघवेना म्हणून मीच म्हटलं, बरं झालं, मला त्याचा आवाज नकोच होता. भांडं नुसतं पडलेलं दिसू नये म्हणून त्यात रिळं भरली. तेच तुलाही सांगत राहिले. आता त्यांचा उजवा हात उचलला जात नाही, बोललेलं निम्मं कळत नाही. अशा माणसासमोर ते मशीन काढून ठेवू? तुम्ही बिघडवलंत म्हणून तुम्हाला चाळणीतलं खावं लागतंय, असं सांगू? तू सांग येऊन.

माया आहे म्हणून एवढं लिहिलं. ती आटू देऊ नकोस.

ताई

१३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. आधी रडले. मग अशी तिडीक गेली डोक्यात की भाजी चिरणाऱ्या मावशी पातेलं तिथेच टाकून दुसरीकडे जाऊन बसल्या.

चार वर्षं, ताई! चार वर्षं मी समजत होते की तुला माझी वस्तू नको, म्हणजे मीच नको. पहिल्या पगारातून घेतलं होतं ते. दर वेळी तुझ्याकडे यायचं म्हटलं की तिकीट काढायचं पुढे ढकलायचे, पुन्हा ती रिळं बघावी लागणार म्हणून. एक वाक्य कागदावर लिहिलं असतंस तर काय हात झडले असते?

आणि आता जे सांगते ते बसून वाच. मशीन बिघडलेलं नव्हतंच. झाकण नुसतं ठेवून चालत नाही. ते फिरवायचं, खाचेत बसून टक् आवाज येईपर्यंत. त्याशिवाय ते सुरूच होत नाही, बोटं कापू नयेत म्हणून तशी सोय असते. आमच्याकडे नवी आलेली प्रत्येक बाई पहिल्या दिवशी हेच करते. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी पुस्तिका चाळली असती. आपल्या घरात मशीन चाललं नाही की थेट मोटर उघडतात! बाबांनी धडधाकट मशीन खोललं.

हे त्यांना कळता कामा नये, जीव जाईल त्यांचा. मी नवीन मागवलंय, चार दिवसांत पाठवते. जुनं गुपचूप भंगारात दे. आणि आता हे काय, कांदा चिरण्यापुरतं मशीन, म्हणून पुन्हा कपाटावर टाकू नकोस. गाजर, भोपळा, मटार आधी अगदी मऊ शिजव. शिजवलेलं पाणी फेकू नकोस, तेच एकेक चमचा घालत जा. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. एकदम गरगरा फिरवू नकोस, थांबून थांबून, मधे कडा खरवडून घे. मटाराची सालं राहतात, ते शेवटी एकदा गाळ. तीन दिवसांचं एकदम करून बर्फाच्या साच्यात गोठव, लागेल तेवढे चौकोन काढ. बटाटा मात्र घालू नकोस, त्याची खळ होते. तुझी कणीकही त्यात दोन मिनिटांत मळली जाते. मनगटाला सुट्टी दे, बयो.

राग गेलेला नाही. लोभ मात्र होता तिथेच आहे.

भिंगरी

२९ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझ्या पत्राने घात केला. पोस्टमन आला तेव्हा मी आत एका बाईच्या अंगावर ब्लाऊज टाचत होते. पत्र गेलं बाबांच्या हातात. माझ्या नावाचं होतं, पण डाव्या हाताने त्यांनी ते फोडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

मला वाटलं, संपलं, आता हे अन्नाला शिवणार नाहीत. कसलं काय! काठी अशी आपटली की अंगावर टाचण्या टोचलेली ती बाई तशीच ओरडत बाहेर आली. लालबुंद झाले होते. कपाटावर बोट, मग माझ्यावर बोट. मशीन खाली काढलं. मग त्यांनी चष्म्याची डबी उघडली आणि कापडाखालून तीन स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवले. चार वर्षं, गं! मी इकडे कपाटाखाली झाडू घालतेय आणि हे डबीत घालून फिरतायत.

तीन दुपारी लागल्या. त्यांचं डोकं, माझा हात. एक तार सुटली होती, तीसुद्धा त्यांनीच शोधली. सुई ओवणारीला स्क्रू धरता येत नाही का, असं काहीतरी अर्धंमुर्धं ओरडले, तेवढं मात्र मला स्वच्छ कळलं. मग मीही ऐकवलं की चूक तुमची आणि शिव्या मला का. झटका आल्यापासून मी त्यांच्याशी हळूच बोलत होते, पाहुण्याशी बोलावं तसं. त्या दुपारी दोघंही घसा बसेपर्यंत भांडलो.

भांडं घासलं, तरी तळाशी एक लाल धागा सापडलाच. झाकण फिरवलं. टक्. आणि सुरू झालं की गं धडाडून! भोपळा आणि गाजर, तू सांगितलंस तसं. वाटीभर खाल्लं, एकदाही ठसका नाही. बटाटा घालू नकोस म्हणालीस म्हणून घालून बघितला. खळच झाली. काल वजन झालं, चारशे ग्रॅम वाढलंय. नळीचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही.

नवीन मशीन आलं, खोकं उघडू दिलेलं नाही. सोबत बाबांचं पत्र आहे. मला वाचू दिलं नाही, म्हणून वाचलं नाही.

तुझी वाट बघायचा कंटाळा आलाय. ये.

ताई

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

स्क्रू उरले ते मला त्याच दिवशी कळलं होतं. थोरली आवाजाचं खोटं सांगते तेही. मी गप्प बसलो. ती तुझ्या शिव्या खात राहिली आणि मी ऐकत राहिलो. त्याचा राग माझा माझ्यावर आहे, तो मी बघून घेईन.

पण बाबांना कळता कामा नये, हे तू कोणाला विचारून लिहिलंस? हात गेलाय. जीभ अर्धी गेलीय. मी गेलेलो नाही. सहा महिने तुम्ही दोघी माझ्यापासून सगळं लपवताय, कुजबुजताय, पत्रं काय लिहिताय. घरात मेल्यासारखी शांतता आहे. अशा शांततेत कोणाला घास उतरेल?

नवीन मशीन परत कर. पत्रं बंद. इथे ये आणि समोरासमोर भांडा, मला ऐकू येईल असं. माझ्याशीही भांड.

आत मशीन सुरू झालंय. थांबतो. भूक लागलीय.

बाबा